मातीची तार

तंजावर आणि कुंभकोणम् ह्यांच्या दरम्यान, कावेरीच्या फाट्यांनी भिजणाऱ्या सपाट भातशेतीच्या मुलखात पापनाशम हे तालुक्याचे गाव आहे. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर बसले आणि त्यांच्या वंशाचे नाव तेथे १८५५ पर्यंत टिकले. विजेच्या इतिहासाची पाने चाळणाऱ्याला मात्र पापनाशम हे नाव दुसऱ्याच कारणाने भेटते. १९४४ साली ताम्रपर्णी नदीवर जे जलविद्युत्केंद्र सुरू झाले, त्याचेही नाव पापनाशमच. ते गाव दूर दक्षिणेस, तिरुनेलवेलीच्या बाजूचे. नावांच्या सारखेपणामुळे घोटाळा होतो, तो आधीच दूर केलेला बरा. तंजावरच्या पापनाशमला धबधबा नाही आणि डोंगरही नाही. तेथे आहे ते धान्य. गावच्या पालैवननाथस्वामींच्या देवळात नायक राजांच्या काळी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बांधलेले विटांचे एक प्रचंड गोल कोठार आजही उभे आहे. त्याची उंची सुमारे ३६ फूट असून त्यात ३,००० कलम भात मावे, असे सांगतात.

भात कोठारात ठेवला की राहतो. उंदीर, कीड आणि ओल ह्यांची तूट सोडली, तर ठेवला तेवढा तो परत मिळतो. विजेचे तसे नाही. ती निर्माण झाल्या क्षणापासून खर्ची पडू लागते. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेतून ती धावते, तेव्हा वाटेतच तिचा काही भाग तारेला ऊन करण्यात वाया जातो. प्रवाह दुप्पट केला, तर ही तूट चौपट होते. म्हणून लांबच्या मजलांसाठी विजेचा दाब वाढवावा लागतो, उंच मनोरे उभारावे लागतात आणि गावाजवळ आल्यावर तो दाब पुन्हा उतरवावा लागतो. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतांवरून जाणाऱ्या तारांचा सगळा पसारा ह्या एका तुटीपायी मांडलेला आहे.

ही तूट मुळीच न देणारा पदार्थ १९११ साली माणसाच्या हाती आला. पण त्याची उपयोगी पडेल अशी तार करायला पाऊण शतकाहून अधिक काळ लागला, आणि जी तार अखेरीस झाली, ती धातूची नव्हती. ती एका परीने मातीची होती.

माती आणि धातू ह्यांच्या स्वभावातील भेद पाहावयाचा, तर पापनाशमहून काही मैलांवर असलेल्या स्वामिमलैला जावे. तेथले स्थपती पिढ्यान्‌पिढ्या पंचधातूच्या मूर्ती ओततात. प्रथम मेणाची मूर्ती करावयाची, तिच्यावर कावेरीच्या बारीक गाळाचे लेप द्यावयाचे, ते वाळल्यावर तापवून मेण वितळवून काढावयाचे, आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. रस निवला की साचा फोडतात. एका साच्यातून एकच मूर्ती. भाजलेली माती हातोडीच्या एका टोल्याने फुटते आणि आतला धातू त्याच हातोडीखाली वाकतो, चेपतो, पण तुटत नाही. माणसाने तार धातूची केली, ती ह्याच गुणामुळे.

आता पुन्हा १९११कडे वळावे. हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस ह्या प्राध्यापकांनी १९०८ साली हेलियम वायूचा द्रव केला होता. त्याचे तापमान शून्याखाली २६९ अंश. एवढ्या थंडीत धातूंचा विद्युतरोध कसा वागतो, हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. ओनेस ह्यांनी प्रयोगासाठी पारा निवडला, कारण ऊर्ध्वपातनाने तो अतिशय शुद्ध करता येतो. ८ एप्रिल १९११ रोजी पाऱ्याच्या त्या बारीक धाग्यातील रोध कमी कमी होत गेला नाही. तो एकदम नाहीसाच झाला. पुढे शिशात आणि कथिलातही हाच प्रकार आढळला. ह्या अवस्थेला अतिसंवाहकता म्हणतात. अतिसंवाहक कड्यात एकदा प्रवाह सोडला, की त्याला ढकलणारे काही नसतानाही तो फिरत राहतो. पापनाशमच्या कोठारात भात राहतो, तसाच.

ओनेस ह्यांचे मन लगेच उपयोगाकडे धावले. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास ते एका लाख गॉसच्या, अजिबात न तापणाऱ्या विद्युतचुंबकाची स्वप्ने पाहत होते. पण शिशाच्या तारेचे वेटोळे करून त्यात प्रवाह वाढविताच अतिसंवाहकता मोडली. काही शे गॉसचे चुंबकीय क्षेत्र, म्हणजे शाळेतल्या लोहचुंबकाच्या तोडीचे, तिला पुरेसे होते. निसर्गाने दिलेले दान त्याच्याच अटीवर दिलेले होते: तापमान अमुक मर्यादेखाली हवे, चुंबकीय क्षेत्र अमुकाखाली हवे आणि प्रवाहही अमुकाखालीच हवा. ह्या तीनपैकी एक मर्यादा ओलांडली, की सगळे संपते.

ह्या अटी सैल करण्यात पुढची पन्नास वर्षे गेली. १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर ह्यांनी ह्या चमत्काराचा उलगडा केला आणि त्याच वर्षी रशियात अब्रिकोसोव ह्यांनी तीव्र चुंबकीय क्षेत्रातही तग धरणाऱ्या अतिसंवाहकांचे गणित मांडले. १९६१ साली अमेरिकेत कुन्झलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायोबियम व कथील ह्यांच्या संयुगातून ८८,००० गॉसच्या क्षेत्रात प्रचंड प्रवाह वाहून दाखविला. ओनेस ह्यांचे स्वप्न जवळजवळ पुरे झाले. ते स्वतः १९२६ सालीच निवर्तले होते. त्यानंतर नायोबियम-टायटॅनियमची मिश्रधातू पुढे आली. ती तांब्याबरोबर सुखाने ओढता येते, म्हणून रुग्णालयांतील चुंबकीय चित्रणाच्या यंत्रांत आज तीच तार बहुतेक सर्वत्र आहे.

भारताचा ह्या विषयाशी संबंध स्वातंत्र्यानंतर लवकरच जडला. दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा १९५० साली उघडली. तिचे पहिले संचालक करिअमाणिक्कम् श्रीनिवास कृष्णन् हे तमिळनाडूतले, रामन ह्यांचे सहकारी. त्यांच्या पुढाकाराने १९५२च्या सुमारास तेथे हेलियम द्रवरूप करण्याचे यंत्र आले आणि देशात खोल थंडीचे संशोधन सुरू झाले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात पुढे ह्या विद्येची दोन वेगळी घराणी नांदली. कुलाब्याला नवे पदार्थ शोधण्याचा छंद, तर तुर्भ्याला तार ओढण्याचा. तुर्भ्यात नायोबियम-टायटॅनियमचे बारीक तंतू तांब्यात बसविलेल्या तारा आणि त्यांचे जाड दोर तयार झाले. ह्या दुसऱ्या कामाची वर्तमानपत्रांत फारशी वाच्यता झाली नाही. कारखानदारीच्या विद्येच्या नशिबी बहुधा हेच येते.

परंतु ह्या सर्व तारांना द्रव हेलियम लागे. हेलियम दुर्मिळ, महाग आणि राखावयास अवघड. १९७३ सालचा सर्वांत वरचा आकडा होता निरपेक्ष मापावर सुमारे २३ अंश, आणि पुढली तेरा वर्षे तो तेथेच अडकून राहिला. द्रव नायट्रोजन ७७ अंशांवर उकळतो. तो हवेतून काढता येतो आणि स्वस्त पडतो. ७७च्या वर जाणारा अतिसंवाहक मिळाला, तर सगळा जमाखर्च बदलेल, हे सर्वांना कळत होते. तो धातूंत मिळेल, ह्याच समजुतीने सर्वजण शोधत होते.

१९८६च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील झुरिकजवळ बेडनॉर्झ आणि म्यूलर ह्या दोघांना लँथॅनम, बेरियम आणि तांबे ह्यांच्या ऑक्साइडात, म्हणजे भट्टीत भाजलेल्या एका काळ्या ठिसूळ भुकटीत, ३० अंशांच्या वर अतिसंवाहकतेची चाहूल लागली. तो पदार्थ त्यांनी घडविलेला नव्हता. फ्रान्समध्ये राव्हो आणि त्यांचे सहकारी तो आधीच तयार करून तपासत होते. बंगलोरला चिंतामणी नागेश रामचंद्र राव आणि पी. गांगुली हेही ह्याच कुळातील तांब्याच्या ऑक्साइडांचा अभ्यास १९७०च्या दशकापासून करीत होते. द्रव हेलियमच्या थंडीत तो पदार्थ बुडवून पाहण्याचे त्या वेळी कोणाला सुचले नाही, कारण अशा मातीत अतिसंवाहकता असेल असे मानावयास काही आधारच नव्हता. हुकलेल्या संधीबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण हळहळ ही घटना घडून गेल्यानंतरची असते, हेही लक्षात ठेवावे.

१९८७च्या आरंभी अमेरिकेत वू आणि चू ह्यांच्या मंडळींनी लँथॅनमच्या जागी इट्रियम घातले आणि आकडा एकदम ९३ अंशांवर गेला. नायट्रोजनची वेस ओलांडली गेली. बंगलोरला राव ह्यांच्या गटानेही हा पदार्थ स्वतंत्रपणे ओळखला. त्याच वर्षी जानेवारीत बंगलोरच्याच एका परिषदेत फिलिप अँडरसन ह्यांनी ह्या नव्या अतिसंवाहकतेविषयीची आपली कल्पना मांडली होती, आणि तिच्या पुढील विस्तारात गणपती भास्करन् ह्यांचा मोठा वाटा होता. १८ मार्चला न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात भौतिकशास्त्रज्ञांची जी सभा भरली, ती रात्रभर चालली. वर्तमानपत्रांनी चुंबकावर तरंगणाऱ्या आगगाड्या आणि फुकटात पडणारी वीज ह्यांची चित्रे रंगविली. भारत सरकारनेही त्याच वर्षी ह्या विषयाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला.

ह्या गजबजाटात एक साधा प्रश्न बाजूला राहिला: ह्या मातीची तार कशी करावयाची? ती ओढली तर तुटते, वाकविली तर भंगते. आणि तुटण्याचा प्रश्न सुटला, तरी त्यामागे आणखी अवघड प्रश्न उभा होता. भाजलेल्या भुकटीचे कण एकमेकांना चिकटलेले असतात, पण प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला असते. धातूत त्याचे फारसे बिघडत नाही. ह्या ऑक्साइडात मात्र विजेची वाट तांबे आणि ऑक्सिजन ह्यांच्या सपाट थरांमधून जाते. शेजारच्या कणाचे थर तिरपे असले, की प्रवाह त्या सीमेवर अडतो. १९८८ साली अमेरिकेत आय. बी. एम.च्या प्रयोगशाळेत दिमोस, चौधरी, मानहार्ट आणि लगूझ ह्यांनी दोन स्फटिक मुद्दाम ठराविक कोनात जोडून हे मोजले. सुमारे १० अंशांचा तिरपेपणा आला, तरी सीमा ओलांडणारा प्रवाह दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो. ह्यांतले प्रवीण चौधरी हे खरगपूरच्या तंत्रविद्या संस्थेचे विद्यार्थी. त्यांच्या मोजणीने उत्साहाला लगाम बसला खरा, पण पुढचा रस्ताही तिनेच दाखविला. कणांना एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून, मैलोन्‌मैल बसवावयाचे, हे त्या रस्त्याचे नाव.

पहिला उपाय निघाला तो जुन्या तारकसाच्या पद्धतीने. कुंभकोणम्‌जवळच्या तिरुभुवनम्‌च्या रेशमी साड्यांना किंवा पैठणीला जी जर लागते, ती कशी होते हे पुष्कळांनी पाहिले असेल. चांदीची कांब जंतराच्या, म्हणजे भोके पाडलेल्या पोलादी पट्टीच्या, एकाहून एक लहान भोकांतून ओढीत केसासारखी बारीक करावयाची, मग ती चेपून चपटी करावयाची. तिला बादला म्हणतात. मातीच्या तारेच्या कारागिरांनी हेच केले. १९८८ साली जपानमध्ये माएदा ह्यांना बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि तांबे ह्यांचे एक ऑक्साइड सापडले होते. त्याच्या एका जातीची मर्यादा ११० अंशांपर्यंत जाते. त्याची भुकटी चांदीच्या नळीत ठासून भरावयाची, नळी जंतरातून ओढावयाची, तिचे तुकडे पुन्हा दुसऱ्या चांदीच्या नळीत एकत्र कोंबावयाचे, पुन्हा ओढावयाचे, आणि शेवटी रुळांखाली चेपून सुमारे ४ मिलिमीटर रुंद आणि पाव मिलिमीटरहून कमी जाड अशी फीत करावयाची. मग भट्टी. मग पुन्हा चेपणे, पुन्हा भट्टी.

ह्या पद्धतीचे यश दोन योगायोगांवर उभे आहे. बिस्मथच्या ऑक्साइडाचे कण अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे असतात. रुळाखाली ते एकमेकांवरून सरकतात आणि पत्त्यांच्या गड्डीसारखे सपाट निजतात. कोन आपोआप जुळतात. दुसरे म्हणजे चांदी. भाजताना त्या भुकटीला ऑक्सिजनची देवघेव करावी लागते. तांब्याची नळी वापरली, तर ती स्वतःच त्या भुकटीशी संयोग पावते. चांदी मात्र अलिप्त राहते आणि तापल्यावर आपल्या अंगातून ऑक्सिजन जाऊ देते. इतका सोयीचा धातू दुसरा नाही, आणि येथेच ह्या फितीची गोम आहे. फितीत निम्म्याहून अधिक भाग चांदीचा. भुकटी स्वस्त होईल, यंत्रे स्वस्त होतील, पण चांदीचा भाव कारखानदाराच्या हाती नसतो. शिवाय नायट्रोजनच्या तापमानात चुंबकीय क्षेत्र जरा वाढले, की हे बिस्मथ ढिले पडते. तरीही द्रव नायट्रोजनात बुडविलेली ती बोटभराहूनही अरुंद पट्टी दीडशे-दोनशे अँपिअर वाहून नेऊ लागली. त्याच जाडीच्या घरगुती तांब्याच्या तारेवर कोणी दहाही अँपिअर घालावयास धजणार नाही. भारतात दिल्लीच्या भौतिकी प्रयोगशाळेत आणि तुर्भ्याला ह्या चांदीच्या फितींवर काम झाले.

ह्याच काळात कुलाब्याला एक वेगळीच गोष्ट घडली. इट्रियम, निकेल आणि बोरॉन ह्यांचे एक संयुग तपासताना आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १२ अंशांजवळ अतिसंवाहकतेची खूण दिसली. खूण क्षीण होती. पुष्कळांनी ती अशुद्धी म्हणून सोडून दिली असती. ती अशुद्धीच होती, पण ती कशाची, हे त्यांनी शोधून काढले: नमुन्यात नकळत शिरलेल्या कर्बाची. १९९४च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या ह्या शोधातून अतिसंवाहकांचे एक नवे कुळ निघाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत त्याच कुळातील पॅलेडियमयुक्त पदार्थाने २३ अंशांचा जुना उच्चांक गाठला. त्याच संस्थेत पुढे एस. रामकृष्णन ह्यांच्या गटाने अतिशुद्ध बिस्मथमध्ये निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या दोन-हजाराव्या भागाजवळ अतिसंवाहकता दाखविली. ह्यांपैकी कशाचीही फीत होणार नाही. तरी ज्या हातांना नमुना शुद्ध कसा करावा आणि अशुद्धी कशी वाचावी हे कळते, ते हात ह्या विषयात सर्वांत मोलाचे आहेत.

चांदीचा खर्च टाळण्यासाठी दुसरी वाट निघाली. इट्रियमचे ऑक्साइड चुंबकीय क्षेत्रात अधिक टिकते, पण त्याचे कण रुळाखाली निजत नाहीत. तेव्हा फीत ओढण्याचा नादच सोडून ती लिंपावयाची ठरली. एक चिवट धातूची पट्टी घ्यावयाची, केसाइतकी पातळ. तिच्यावर ऑक्साइडांचे अस्तर द्यावयाचे आणि त्या अस्तरावर अतिसंवाहकाचा एक-दोन सहस्रांश मिलिमीटर जाडीचा थर चढवावयाचा. खालच्या कणांची दिशा वरचा थर उचलतो, म्हणून सगळी भिस्त त्या खालच्या थरावर. १९९०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या फुजिकुरा कंपनीत इजिमा ह्यांनी अस्तर चढत असतानाच त्यावर ठराविक कोनातून आयनांचा झोत सोडला. चुकीच्या दिशेने वाढणारे कण झोताने खरडून जातात आणि योग्य दिशेचे तेवढे उरतात. शेतकरी निंदणी करतो, तसा हा प्रकार. मात्र फार सावकाश चालणारा. १९९६ साली अमेरिकेत ओक रिज येथे अमित गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंदणीऐवजी जमीनच सरळ केली. निकेलची पट्टी रुळांखाली मूळ जाडीच्या पाच टक्क्यांहूनही पातळ करून मग तापविली, की तिचे कण आपोआप एका दिशेला मांडले जातात, ही धातुशास्त्रातील जुनी माहिती त्यांनी कामी आणली. गोयल हेही खरगपूरचेच विद्यार्थी. दुखणे मोजणारा आणि त्यावरचा एक इलाज काढणारा, असे दोघेही एकाच शाळेतून निघावेत, ही गंमत नोंदण्याजोगी आहे.

ह्या लिंपलेल्या फितीच्या जाडीत खुद्द अतिसंवाहकाचा वाटा शंभरात एक-दोन इतकाच असतो. बाकी सगळे त्याला धरून ठेवण्यासाठी: खाली पट्टी, मध्ये अस्तरे, वर चांदीचा नाममात्र मुलामा आणि बाहेरून तांबे. माती शेवटी वाकली ती अशी, इतकी पातळ होऊन की वाकल्याचे तिला कळू नये.

मग फिती जमिनीत गेल्या. २००८ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ६०० मीटर लांबीची, १,३८,००० व्होल्टची वाहिनी चांदीच्या फितींची सुरू झाली. २०१४ साली जर्मनीत एसेन शहरात एक किलोमीटरची, आणि २०२१च्या अखेरीस शांघायमध्ये १.२ किलोमीटरची. मैलांऐवजी मीटरांत मोजाव्यात अशा ह्या लांबी आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. जेथे जमीन सोन्याच्या मोलाची आहे आणि रस्त्याखाली जाड केबलींना जागा उरलेली नाही, अशा शहरांच्या पोटात ही फीत परवडते. शेतांवरून जाणाऱ्या उघड्या तारेची जागा ती घेईल, असे आज तरी दिसत नाही. द्रव नायट्रोजन थंड ठेवावयासही वीज लागतेच. आणि आपल्याकडच्या विजेच्या तुटीत चोरीचा व मोजणीतील गफलतीचा जो वाटा आहे, तो कोणत्याही अतिसंवाहकाने भरून निघावयाचा नाही.

चुंबकांच्या बाबतीत मात्र फितीने ओनेस ह्यांच्या स्वप्नाच्याही पुढे मजल मारली. सप्टेंबर २०२१मध्ये अमेरिकेत मॅसेच्युसेट्स येथे अणुसंमीलनाच्या भट्टीसाठी बांधलेल्या एका चुंबकाने २० टेस्ला, म्हणजे दोन लाख गॉस, इतके क्षेत्र दिले. त्यात २६७ किलोमीटर लांबीची लिंपलेली फीत गुंडाळलेली होती.

एवढी फीत एकसंध मिळत नाही. कारखान्यात ती एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जाते, आणि जाता जाता प्रत्येक मीटरची प्रवाह वाहण्याची क्षमता मोजली जाते. शेकडो मीटर उत्तम असून एकच हातभर जागा सदोष असेल, तर अख्ख्या लांबीची किंमत त्या हातभर जागेइतकीच धरावी लागते; तेवढा भाग कापून टाकतात आणि दोन टोके एकमेकांवर ठेवून डाक देऊन जोडतात. डाकाची धातू साधी असते. त्या सांध्यापाशी, अब्जांश ओहमांत मोजण्याइतका का होईना, रोध परत येतो आणि प्रवाहातून थोडी ऊब सांडते. सांध्यातही अतिसंवाहकता अखंड राहावी, म्हणून मातीला माती जोडण्याचे प्रयोग निरनिराळ्या देशांत सुरू आहेत.